वसंतमासा

वेंडेलमामाने ताट ढकललं. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्याचा उजवा हात परक्याचा असल्यासारखा पांघरुणावर पडून असे. डाव्या हाताच्या पालथ्या बोटांनी त्याने ते ढकललं, आणि वाफवलेल्या सॅमनचा फिकट गुलाबी तुकडा मटारांसकट ताटाच्या काठापर्यंत घसरत गेला. "अहो आजोबा, मासाच आहे, तुम्हाला आवडतो ना," नर्स म्हणाली. इतके दिवस मामाच्या तोंडून नुसते तुटके आवाज निघत होते. आता त्याने जीभ टाळूला लावली आणि चिखलातून पाय उपसावा तसा एकेक शब्द उपसून काढला. "हा मासा नव्हे." नर्स हसली, तिच्याबरोबर त्याची भाची कोरीनही हसली. मग मामाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "तुझ्याकडचा आण," तो म्हणाला. "वसंतातला."

खरं तर आनंद व्हायला हवा होता. शार्लीन, मामाची मुलगी, खुर्चीतून उठलीच आणि त्याचं कपाळ कुरवाळत "बाबा बोलले, बाबा बोलले" म्हणत रडायला लागली. कोरीन मात्र पलंगाची दांडी धरून उभी राहिली. पायाखालची फरशी बोटभर खाली गेल्यासारखं तिला वाटलं, लिफ्ट निघताना वाटतं तसं, आणि डोळ्यांपुढे टाकी आली. हॅचरीतली, म्हणजे मासे पैदा करायच्या केंद्रातली, गोल हिरवट टाकी, वर काळं कापड, आणि आतल्या अर्ध्या अंधारात प्रवाहाकडे तोंड करून, जागच्या जागी शेपट्या हलवत उभे असलेले अकरा मासे. नदीतले सगळे. म्हणजे नदीत आता एकही नव्हता. "आणते हं, मामा," ती म्हणाली. आजारी माणसाला असंच म्हणतात. पण म्हणता म्हणता तिच्या लक्षात आलं की मामा आजारी माणसासारखा बघत नाहीये. बाजारात एखादी वस्तू मागावी आणि पिशवी पुढे करावी, तसा तो बघत होता.

पार्किंगमध्ये गाडी तापून निघाली होती. स्टिअरिंगला हात लागेना, म्हणून दार उघडं टाकून ती तशीच बसून राहिली. समुद्रावरच्या या शहरात ऑगस्टातसुद्धा लोक स्वेटर हाताशी ठेवत. यंदा दुकानांतले पंखे संपले होते आणि तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या भिंती दिवस मावळला तरी निवत नव्हत्या. शहर आणि मूळ रहिवाशांची नदीकाठची वस्ती यांच्यात तासाभराचा रस्ता. नोकरी वस्तीच्या हॅचरीत आणि बिऱ्हाड शहरात, असं तिचं कित्येक वर्षं चाललं होतं. शहरात तिला कोणी मासे मागत नसे, हे त्यामागचं कारण तिने कुणाला सांगितलं नव्हतं. वसंतातला. दुसरे सॅमन शरदात पाऊस लागल्यावर येतात. हा मात्र डोंगरावर अजून बर्फ असतानाच समुद्रातून नदीत शिरतो, आणि शिरला की खाणं सोडतो. उन्हाळाभर डोंगराजवळच्या गार डोहांत उपाशी पडून राहायचं, शरदात अंडी घालायची आणि मरायचं. त्या उपासापुरती चरबी तो समुद्रातून अंगावर बांधून आणतो. "शिदोरी घेऊन येतो बघ तो," मामा म्हणायचा, "आणि आपण मेले त्याची शिदोरीच खातो." बोटीत तेव्हा ती मामाच्या गुडघ्यांमध्ये बसलेली असायची, ओल्या जाळ्याचा आणि तंबाखूचा वास, पाण्यावरून येणारी बर्फाची गार झुळूक, आणि जाळ्यात अचानक काहीतरी जड, रुपेरी, रागावलेलं. मामा त्याला दोन्ही हातांनी उचलायचा आणि मारण्याआधी त्याच्याशी हलक्या आवाजात काहीतरी बोलायचा. काय बोलतोस, असं तिने एकदा विचारलं होतं. "तुझं नाव सांगतो," तो म्हणाला होता. "पाहुण्याला कळायला नको, कुणाच्या घरी जेवायला आलाय?"

नदी आटत गेली तेव्हा हॅचरी बांधा म्हणून भांडलेल्यांत मामा होता. वर झाडं तोडली गेली, डोह गाळाने भरले, आणि मासाच नाही तर आपण कोण, असं म्हणत माणसं रस्त्यावर बसली. हॅचरीच्या पहिल्या तळ्याचा खड्डा त्यानेच खणला. कोरीनची पहिली नोकरी तिथलीच, माशांचे पर, पोहायचे पंख, छाटायची. वस्तीतल्या बायका लांब बाकावर ओळीने बसायच्या, बोटाएवढी पिल्लं तळहातावर घ्यायच्या आणि पाठीवरचा, शेपटीजवळचा नखाएवढा मऊ पर कात्रीने कुटकन् कापायच्या. हॅचरीचा मासा ओळखू यावा म्हणून. तो मऊ पर नसला तरी माशाचं काही अडत नाही, असं सगळे म्हणत. गप्पा, खोकला, कुणाच्या नवऱ्याच्या भानगडी, आणि कात्र्यांचा तो बारीक आवाज. पुढे ती शिकली, साहेबीण झाली, आणि शिकता शिकता तिला कळलं की हॅचरीचे हे मासे वरच्या डोहांत गेले तर उरल्यासुरल्या रानमाशांशी जोडी लावतात, आणि त्यांची पिल्लं नदीला पुरी पडत नाहीत. पिढी दर पिढी मऊ होत जातात. म्हणून नदीत जाळीचा अडसर घातला होता. अडसराशी येईल तो मासा हातात घ्यायचा, पाठीवरून बोट फिरवायचं. पर लागला तर वर सोडायचा. नाही लागला तर डोक्यात सोटा. वाढवायचे आपण, वाट बघायची आपण, आणि चार वर्षांनी सगळा समुद्र फिरून बिचारे घरी आले की दारात आपणच उभे. अलीकडे एखाद्या सभेत शेजारच्याने सहज खांद्यावर हात ठेवला, तरी तिला आपली पाठ तपासली जातेय असं वाटून अंग चोरायला व्हायचं.

यंदा जूनमध्येच बर्फ संपलं. वस्तीच्या सभागृहात बैठक झाली तेव्हा नदी दगडांमधून वाट काढत होती आणि डोहांतलं पाणी आंघोळीच्या पाण्यासारखं कोमट होतं. मासे वर राहिले तर अंडी घालायच्या आत मरतील, विहिरीच्या गार पाण्यावर टाकीत ठेवले तर वाचतील, हे कोरीननेच मांडलं. सरकारी शास्त्रज्ञ हॅलोरन नुसती मान डोलावत होता. मामा मागच्या रांगेतून म्हणाला, "राहू द्या त्यांना. मेले तर घरी मरतील." कुणीतरी टाळी वाजवली. "मामा, नुसत्या मायेने मासे जगत नाहीत," ती म्हणाली. आणि मासे धरायच्या दिवशी, पटलेलं नसताना, हा म्हातारा रबरी बूट चढवून सगळ्यांच्या आधी डोहात उतरला. "तुम्हाला धरता येणार आहेत का ते? कॉलेजात शिकवतात का?" कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून त्याने प्रत्येक मासा हातजाळीत अलगद घेतला. या वेळी तो त्यांच्याशी काही बोलला नाही. कोरीन काठावर कान देऊन उभी होती. त्यानंतर काही दिवसांनी तो स्वयंपाकघरात कोसळला.

आता तो मागत होता. एक. अकरांतला एक. गाडी तिने हॅचरीकडे घातली ती याच हिशेबात, आणि टाकीपाशी पोचेपर्यंत तिने मनातल्या मनात एक नर निवडलासुद्धा, जुन्या जखमेने पाठ पांढरी पडलेला, थकलेला. एकाने काय होणार आहे? पण मग तिला वाटलं, नद्या रिकाम्या करणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी हेच वाक्य म्हटलं असेल. तशी ती कापड बाजूला करून वाकून बघत राहिली. लायल बादली घेऊन मागे आला. हॅचरीतला तो सगळ्यांत जुना माणूस. कामावर तिच्या आधीपासून आणि तिला अजून "बाईसाहेब" म्हणून चिडवणारा. आज त्याने चिडवलं नाही. "तो पाठीवाला बघितलास?" तो म्हणाला. "कोपऱ्यात जाऊन टाकीला अंग घासतोय सकाळपासून." त्यांनी त्याला हातजाळीत घेतला, ओल्या फडक्यावर ठेवला, आणि लायलने अंगठ्याने त्याचा कल्ला उघडला. लाल कल्ल्यांवर बारीक पांढरे दाणे होते, मिठासारखे. लायलने कल्ला हळूच मिटला, झोपलेल्या माणसाच्या खोलीचं दार ओढून घ्यावं तसा.

नदीतून आणतानाच तो परजीवी आला असणार. कोमट डोहांत मासे खेटून राहिले, तिथेच लागला असणार. म्हणजे वर ठेवले असते तरी मेलेच असते, किंवा नसतेही. एकमेकांपासून दूर, कुठल्या झऱ्याच्या तोंडाशी, कुणास ठाऊक. पाण्यात औषध, दर माशाला पाठीत सुई, पाणी आणखी गार, हवेचे आणखी बुडबुडे. हॅलोरन येऊन बघून गेला. "मी असतो तर हेच केलं असतं," तो म्हणाला, आणि यापेक्षा भयंकर वाक्य तिने त्या उन्हाळ्यात ऐकलं नव्हतं. चूक सापडली असती तर धरायला काहीतरी मिळालं असतं. पाठीवाला नर गेला. मग दोन माद्या. मासा मरताना ओरडत नाही, तडफडतही नाही. टाकीत मरणारा मासा फक्त प्रवाहाकडचं तोंड किंचित फिरवतो, जणू मागून कोणी हाक मारली, आणि मग पाणी त्याला नेईल तिकडे जाऊ लागतो. ती कठड्यावर कोपरं टेकून बसे आणि कोण तोंड फिरवतोय ते बघत राही. घरी जेवण जात नव्हतं. फ्रीजचं दार उघडून ती गार हवेत तोंड घालून उभी राही आणि मग बंद करी.

शार्लीनचा फोन आला तेव्हा ती रबरी हातमोजे धूत होती. "मरतायत म्हणे. लायलच्या बायकोने सांगितलं. मग मेलेलाच एक दे."

"शार्लीन, औषध टोचलंय त्यांना. तो मासा खाता येत नाही."

"बाबांच्या अंगात तरी दुसरं काय आहे? हातात नळी, नाकात नळी. चांगलं जमेल दोघांचं."

"तसं नाही गं."

"मग कसं? तू शिकलीस, तूच सांग कसं ते. नदी आपली, मासा आपला, आणि माझ्या बापाला घासभर द्यायला सरकारची परवानगी?"

"सरकारची नाही," कोरीन म्हणाली. "माझी. आणि मी देत नाहीये."

"मग आणखीच वाईट," शार्लीन म्हणाली. तिचा आवाज आता चढलेला नव्हता. "हॅचरीतलाच एक भाजून नेते मी. त्यांना काय कळणार आहे आता?"

"त्याला कळेल," कोरीन पटकन म्हणाली. तिचं तिलाच नवल वाटलं, इतक्या अभिमानाने म्हणाली ती. "डोळे बांधून दे, त्याला कळेल. पहिल्या घासाला थुंकेल तो."

मेलेले मासे नदीला द्यायचेसुद्धा नव्हते. वस्तीत माशाचा काटा न् काटा गोळा करून पाण्यात परत सोडतात. लहान मूलही काटे कचऱ्यात टाकत नाही. पण या माशांत औषध होतं, आणि ते नदीत, गरुडांच्या पोटात, कुठेच जायला नको होतं. नियमाप्रमाणे ते शहराच्या कचरा-डेपोवर पुरायचे. लायल म्हणाला, मी नेतो. तिने ऐकलं नाही. पिकअपच्या मागे निळ्या पिंपात ते घेऊन ती शहराच्या भर वाहतुकीत शिरली. प्रत्येक सिग्नलला पिंप दचकून पुढे सरके. शेजारच्या गाडीत एक बाई आरशात बघत ओठ रंगवत होती. डेपोवर समुद्रपक्ष्यांचा कल्लोळ चालला होता. यंत्र चालवणाऱ्या माणसाने हातानेच जागा दाखवली, आणि गाद्या, पिझ्झाची खोकी, फुटका टीव्ही यांच्या मध्ये तिने पिंप ओतलं. इतके मोठे मासे. उन्हात त्यांची पाठ अजून जांभळट चमकत होती, आणि एकूणएकाच्या पाठीवर, शेपटीजवळ, तो मऊ पर शाबूत होता. तिच्या मनात आलं, काहीतरी बोलावं यांच्याशी. मामा बोलायचा तसं. पण कुणाचं नाव सांगायचं? कुणाच्या घरी जेवायला आला होतात तुम्ही? यंत्रवाल्याने भोंगा वाजवला. ती बाजूला झाली आणि यंत्राने वर माती लोटली.

शेवटी दोन उरल्या. दोन्ही माद्या. दोघींची पोटं भरून आली होती आणि बोटांनी दाबलं की आतली गाबोळी सुटी झालेली कळत होती. थांबलं तर ती आतल्या आत वाया जाणार. रानातला नर एकही उरला नव्हता. शेजारच्या तळ्यात मात्र हॅचरीचे नर होते, मऊ पर छाटलेले, धष्टपुष्ट, एकमेकांना ढुशा देणारे. तिने हॅलोरनला फोन केला. तो बराच वेळ बोलला. दोन्ही बाजूंनी बोलला. या नरांचं बीज वापरलं तर जे राखायला आपण धडपडलो तेच आपल्या हाताने मिसळून टाकू. नाही वापरलं तर राखायला काहीच उरणार नाही. "तुझा निर्णय," तो म्हणाला. फोन ठेवल्यावर तिला वाटलं, मामाला विचारावं. मग वाटलं, मामा काय सांगेल ते मला ठाऊक आहे, आणि मी काय करणार तेही. लायलने मादी धरली. कोरीनने पोटावरून सुरी ओढली आणि नारिंगी गाबोळी पातळ आवाज करत बादलीत घरंगळली, जिवंत, चकचकीत, एकमेकांना चिकटून. दुसरीची त्याच्यावर. मग तळ्यातला एक नर, मग आणखी एक. पांढरं बीज त्यावर सांडलं, आणि तिने हात बादलीत घालून, कोपरापर्यंत गार पडेस्तोवर, हलक्या बोटांनी ते ढवळलं. "यांचा पर छाटायचा का गं पुढे?" लायलने विचारलं. "बघू," ती म्हणाली. "आधी जगू तर देत." पिंपात आता त्या दोघी होत्या.

मामाला सगळं सांगायचं असं ठरवूनच ती दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात गेली. अकराही गेले, मामा. तुझं ऐकलं नाही. ऐकलं असतं तरी काय झालं असतं ते ठाऊक नाही. लिफ्टमध्ये ती ही वाक्यं ओठांतल्या ओठांत म्हणत होती. खोलीच्या दारातच धुराचा, भाजलेल्या चरबीचा वास आला आणि ती थबकली. मामाला उशांच्या आधाराने बसवलं होतं. मांडीवर चांदीच्या कागदाचा पुडा उघडला होता, आणि शार्लीन बोटांनी काटे काढून एकेक घास त्याच्या तोंडाच्या चालत्या बाजूला भरवत होती. हनुवटीवर तेलाचा ओघळ आला होता. शार्लीनने मान वर केली. तिच्या नजरेत दरडावणं होतं आणि विनवणीही. "ही बघा आली, बाबा," ती म्हणाली. "हिनेच पाठवला ना. वसंतातला."

कोरीन पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली. मामा चावत होता. सावकाश, अर्ध्या तोंडाने, डोळे मिटून. आता थुंकेल. आता हाताने ढकलेल. तिच्या लक्षात आलं, आपण त्याचीच वाट बघतोय. त्याने ढकलावं म्हणून मनात अक्षरशः धावा करतोय. कारण त्याने ढकललं तर फरक आहे. जीभ सांगते तो, तोंडात कळतो तो फरक. ज्याच्यासाठी इतकी वर्षं सोटा उचलला, आणि ज्याच्यासाठी आपल्याच माणसांना घासभर मासा नाकारला. मामाने घास गिळला. गळ्याची गाठ वर गेली, खाली आली. डोळे उघडले तेव्हा त्यांत पाणी होतं.

"किती दिवसांनी," तो म्हणाला.

शार्लीनने तोंड फिरवलं. मामा कोरीनकडे बघत होता. "बाकीचे?" त्याने विचारलं.

"ठीक आहेत, मामा."

"सोड त्यांना."

"सोडते."

त्याने पुन्हा तोंड उघडलं, शार्लीनने पुन्हा घास भरवला. कोरीन त्याचा चेहरा शोधत राहिली. त्याला खरंच कळलं नव्हतं, की कळूनही त्याने तिला एवढं दिलं होतं? चेहऱ्याची एक बाजू हलत नव्हती आणि दुसरी खाण्यात गुंतली होती. विचारण्यासारखं नव्हतं, आणि विचारलं तरी त्याने काय सांगितलं असतं. थोड्या वेळाने तो उशीवर कलला आणि झोपी गेला. शार्लीनने ओल्या फडक्याने त्याची हनुवटी पुसली, पुडा मिटला आणि कोरीनच्या हातात ठेवला. मग तिच्या पाठीवर क्षणभर हात ठेवला. "दुपारी काही खाल्लंस का?" ती म्हणाली. "खा जा."

कॉरिडॉरच्या टोकाला खिडकीपाशी प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या. खाली शहराची वाहतूक उन्हात हळूहळू सरकत होती. कोरीनने मांडीवर पुडा उघडला. एक पापुद्रा सोडवला, जिभेवर ठेवला, डोळे मिटले. मीठ. आल्डरच्या लाकडाचा धूर. चरबी. ती थांबली, चव तोंडात फिरवली, टाळूला लावून पाहिली. रानातला वसंतमासा तिने शेवटचा कधी खाल्ला होता? बोट आठवत होती, गार झुळूक, मामाचे ओले गुडघे. चव आठवत नव्हती. दुसरा तुकडा घेतला. मग तिसरा. जीभ काहीच सांगत नव्हती. मासा चांगला होता, नीट भाजलेला होता, आणि कितीतरी दिवसांत तिने पोटभर खाल्लं नव्हतं. कातडीला चिकटलेलंही बोटाने खरवडून तिने सगळा संपवला.